मिरजेला चढणाऱ्या सुमतीबाई

परवा भावकीतल्या एका पोरानं नवा टेम्पो आणला. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "आबा, तुमच्या हातानं फोडा. तुमी जुनं ड्रायवर, तुमचा हात शुभ."

माझी बायको हिरा श्रावणात गेली. अजून वर्ष झालं नाही. घरातली चूल मी पेटवत नाही, शेजारनं भाकरी येते ती खातो. आणि माझा हात शुभ! मी म्हणलं, "लेका, माझी बायको मेलीया ह्या साली. माझ्या जागी बाई असती, तर तुझ्या आईनं तिला आज गाडीच्या म्होरं उभं केलं असतं का?"

पोरगं हसलं. "आवं आबा, पुरुषमाणसाला कसलं आलंय त्यात?"

कसलं आलंय त्यात. मी नारळ त्याच्या हातात परत दिला, आत आलो आणि दार लावून घेतलं. डोक्यातली आग काही जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय. मला सुमतीबाईंबद्दल सांगायचंय. त्यांच्याबद्दल कुणी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, पुढंही कुणी लिहील असं वाटत नाही.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सांगलीच्या बाबूशेटनं यात्रेची गाडी काढली. थेट राजस्थानपर्यंत. मी ड्रायव्हर. हिरा गाडीतच असायची, चूल-भांडी घेऊन, कारण आपली माणसं स्वर्गात गेली तरी भाकरी मागतील. आणि गावागावाची माहिती सांगायला शेटनं सुमतीबाईंना घेतलं.

बाई मूळच्या वाईच्या. सांगलीत मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवून नुकत्याच रिटायर झालेल्या. लग्न झालं आणि थोड्या दिवसांत नवरा गेला, तेव्हापासून एकट्या. उंच, वाळलेल्या, फिक्या रंगाचं पातळ, कपाळ मोकळं, आणि पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. पातळाखाली बूट बघून हिरानं पदर तोंडात कोंबला. बाई म्हणाल्या, "हसून घे. वाळूत चप्पल तुटली की हेच बूट मागायला येशील." तुटली, आणि हिरा मागायला गेली. दिलेही. पण आधी तिला सगळ्यांसमोर मोठ्यानं हसायला लावलं, मग दिले.

पहिल्या दिवशी बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ज्ञानोबा, सगळी नोकरी मी पोरींना जैसलमेर शिकवलं. नकाशावर छडी टेकवायची आणि म्हणायचं, हे वाळवंट. मी स्वतः वाईच्या पुढं गेले नाही. विधवेला कोण हिंडवतंय?"

मग थोड्या वेळानं विचारलं, "महेश्वर लागतं का हो वाटेत?"

मला काय ठाऊक महेश्वर? मग त्यांनीच सांगितलं. नर्मदेच्या काठावरचं गाव. तिथली राणी नवरा गेल्यावर, सासरा गेल्यावर, पोटचा पोरगा गेल्यावरही खचली नाही. गादीवर बसली, राज्य केलं, नदीला घाट बांधले. "दर वर्षी परीक्षेत मी तो प्रश्न घातला. एकदा तो घाट माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

मी म्हणलं, आपला रस्ता गुजरातेतनं जातोय बाई, ते एका अंगाला राहतंय. त्या म्हणाल्या, "राहू दे. आज ना उद्या वळवू." आणि दर वर्षी यात्रा संपली की शेटच्या मागं लागायच्या, पुढच्या सालाला महेश्वर घाला.

बाईंची एक रीत होती. कुठल्याही गावात शिरलं की आधी पाण्यावर. देऊळ नंतर, किल्ला नंतर, बाजार सगळ्यांत शेवटी. म्हणायच्या, "गाव पाणी कुठून आणतं ते बघा, म्हणजे गावाचा स्वभाव कळतो." म्हणून वाळवंटाला निघालेली गाडी त्या आधी आपल्याच कृष्णेवर थांबवायच्या. कराडला संगम. माहुलीला घाट. वाईला तर मुक्कामच.

पहिल्या साली पहिल्याच थांब्याला तक्रार सुरू. म्हैसाळच्या एक काकी होत्या, शेटच्या नात्यातल्या. उसाची मोठी बागायत, अंगावर ठसठशीत दागिने, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या म्हणाल्या, "बाई, ही नदी आमच्या मळ्याच्या कडंनं जाती. तीच दावायला गाडीत घातलं व्हय आमास्नी?"

बाई म्हणाल्या, "मळ्याच्या कडेनं जाते ना? मग सांगा बघू, येते कुठून?"

काकी म्हणाल्या, "पंपातनं!"

सगळी गाडी हसली. बाईसुद्धा हसल्या. पण सोडलं नाही. काकींना हाताला धरून संगमावर नेलं आणि दोन नद्या समोरासमोर येऊन कशा गळ्यात पडतात ते दाखवलं. काकी बघत राहिल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणसाचा राग एकदा येऊन जातो. असल्या माणसांचा जात नाही.

वाईच्या घाटावर मात्र बाईंचा आवाज खाली यायचा. सगळं सांगून झालं, माणसं पांगली, की एका पायरीपाशी थोडा वेळ उभ्या राहायच्या. हिरानं विचारलं, "काय बघतासा बाई?" तर म्हणाल्या, "इथं माझ्या बांगड्या फोडल्या. दगड बघ, तस्सा आहे. ओरखडासुद्धा नाही." आणि लगेच टाळी वाजवून, "चला, चला, कोण राहिलंय मागं?"

जीभ वाईट होती त्यांची, ते खोटं कशाला सांगू? जैसलमेरच्या धर्मशाळेत पाणी उंटावरनं यायचं. बाईंनी फर्मान काढलं, माणशी एक तांब्या, त्यातच अंघोळ. काकी कडाडल्या, "एका तांब्यात आमचं त्वांड बी धुत न्हाई!"

"तोंड मोठं असेल तर कमी उघडा," बाई म्हणाल्या. वर आणखी, "मागच्या दुष्काळात जतच्या बायका टँकरमागं पळत होत्या. तेव्हा तुमच्या उसात पाट वाहत होता. आता एक दिवस इथल्या बाईसारखं राहून बघा."

हे खरं होतं. पण भाडं भरून आलेल्या माणसाला खरं ऐकायचं नसतं. काकींनी तो दिवस गाठीला बांधून ठेवला.

त्याच गावाबाहेर एक तलाव आहे. तलावाकडं जाताना मोठी दगडी वेस लागते. तिथली माणसं सांगतात, ती वेस एका नाचणाऱ्या बाईनं स्वतःच्या पैशानं बांधली. राजवाड्यातले म्हणाले, असल्या बाईच्या वेशीखालनं आमी पाण्यावर जायचं व्हय? पाडा. तर त्या बाईनं वेशीवर कृष्णाचं देऊळ बांधून टाकलं. देव वर बसला, आता पाडायची कुणाची छाती? सुमतीबाई ही गोष्ट अशी सांगायच्या की जणू त्या बाईला दगड यांनीच आणून दिलेत.

गोष्ट ऐकली आणि काकी जागच्या जागी थांबल्या. "आमी न्हाई जायाचो असल्या बाईच्या खालनं."

बाई वेशीच्या सावलीला बसल्या. "नका जाऊ. पाणी पलीकडं आहे."

काकी उन्हात उभ्या. बाकीचे एकेक करून गेले. शेवटी काकींनी डोक्यावरनं पदर ओढला, "किस्ना, किस्ना" म्हणत खाली मान घालून वेस ओलांडली. बाई मला हळूच म्हणाल्या, "गेल्या बघा ज्ञानोबा. देवाचं नाव घेऊन का होईना, तिच्या दारातनं गेल्या." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर परत बघितला नाही.

परतीच्या वाटेवर पोकरणच्या अलीकडं गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. तुटणारच. टपावर पिठाची पोती, लोणच्याच्या बरण्या, काकींची सासरमाहेरची सगळी खरेदी. मी उतरून बघितलं आणि कपाळावर हात मारला. दिवसभर माणसं बाभळीच्या सावलीला बसून राहिली. मी एका उंटगाडीतनं गावात गेलो, पाटा आणला, बसवला. सकाळी निघायची वेळ आली, तर काकी नारळ घेऊन पुढं.

"ड्रायवर, नारळ फोड. आन् त्या बाईला सांग, गाडी हलंपतोर मागं जाऊन उभं ऱ्हावा. निघताना म्होरं नगं. सांगलीत बी म्होरंच बसली हुती, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

मी म्हणलं, "काकी, पाटा वजनानं तुटला. निम्मं वजन तुमचंच हाय."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी बाकीच्यांकडं बघितलं. कुणीतरी बोलेल म्हणून. वाईचे एक वकील होते गाडीत, सगळ्या वाटेवर बाईंशी पेशव्यांवर वाद घालणारे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. इतका वेळ पुसला की काच झिजली असती. कोरेगावचे दोन सुभेदार होते, सीमेवर गोळ्या झेललेले. ते आपापले बूट बघत बसले. आणि बायका! आदल्या दिवसापर्यंत बाईंच्या मागनं पिलांसारख्या हिंडणाऱ्या बायका. एकीनं तोंड उघडलं नाही. आज ते आठवलं तरी माझ्या हाताच्या मुठी वळतात.

बाई गाडीला टेकून उभ्या होत्या. चेहरा लालभडक. म्हणाल्या, "मागं? मी मागं थांबत नाही. मी पुढं निघाले. यायचं असेल तर या माझ्या मागनं."

आणि चालायलाच लागल्या. सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, आणि मधोमध ते पांढरे बूट. मी नारळ बाजूला ठेवला, गाडी चालू केली, पहिल्या गिअरवर टाकली आणि बाईंच्या मागनं बैलगाडीच्या चालीनं निघालो. काकी ओरडल्या, "हार्न मार की!" मी मारला नाही. सगळ्या गाडीला समोरच्या काचेतनं बाईंची पाठ बघावी लागली. बऱ्याच वेळानं रस्त्याकडेला एक जुनी विहीर आली. बाई थांबल्या, वळल्या, टाळी वाजवली.

"उतरा सगळे. ही विहीर बघायची आहे."

आणि उतरले. काकीसुद्धा उतरल्या.

पण सांगलीला आल्यावर काकींनी शेटचे कान भरले. पुढच्या हिवाळ्यात शेटनं बाईंना बोलावलं. मी तिथंच होतो. "बाई, तुमच्यासारकं सांगणारं मला दुसरं घावायचं न्हाई. पर पाशिंजरं कुरकुरत्यात. तवा नारळाच्या टायमाला तुमी येऊ नका. गाडी आधी मिरज स्टेशनवर जातीच, रेल्वेनं आलेली माणसं घ्यायला. तुमी तितं चढा. आन् म्होरल्या शीटवर नगं, मधी कुटंतरी बसा."

मला वाटलं, आता बाई ह्याला उभा चिरतील. बाई म्हणाल्या, "चालेल."

चालेल! मला शेटपेक्षा त्यांचाच राग आला. बाहेर आल्यावर म्हणलं, "बाई, त्या दिवशी गाडीच्या म्होरं चालला, आन् आज ह्ये? थुकायचं की त्याच्या नारळावर."

"थुंकले असते ज्ञानोबा. मग घरी बसून कुठला मुलूख बघू? नारळ त्याचा त्याला लखलाभ. मला गावं बघायचीत. अजून महेश्वर राहिलंय."

आता त्यातला शहाणपणा बघा. बाई राहायच्या सांगलीत. पहाटे उठून, वळकटी घेऊन त्या सिटी बसनं मिरजेला जायच्या, स्टेशनच्या कोपऱ्यावर थंडीत उभ्या राहायच्या. आम्ही सांगलीत नारळ फोडून मिरजेला यायचो, त्यांना घ्यायचो, आणि तीच गाडी माघारी सांगलीतनं, त्यांच्याच बोळाच्या तोंडावरनं कराडला जायची. देवाला काय दिसत नव्हतं काय? की त्यालाही नारळाच्या धुंदीत काही कळत नव्हतं?

आणि एकदा सोय झाली की ती रीत होते. शेट दुसऱ्याही विधवा बायकांना सांगायला लागला, "तुमी मिरजेला चढा, तितं आपल्या बाई असत्यात." एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या चार. गाडी पोचायची तेव्हा बाई त्यांना काहीतरी सांगत असायच्या आणि त्या हसत असायच्या. सांगलीत चढलेली सवाष्ण माणसं पेंगत असायची आणि मिरजेच्या बायका ताज्या. हिरा म्हणायची, "खरी यात्रा कोपऱ्यावरच सुरू हुती बगा."

मग म्हैसाळच्या काकींचे मालक वारले. त्या हिवाळ्यात मी मिरजेला गाडी थांबवली तर कोपऱ्यावर काकी उभ्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, मान खाली. मी म्हणलं, आता बघण्यासारखं आहे, बाई सोलून काढणार. बाईंनी आपली वळकटी सरकवून जागा केली. "बसा काकी. माणसं चढेपर्यंत वेळ आहे." बास. त्यावर एक शब्द नाही. मला एवढं मोठं मन नाही. मी काकींचं गाठोडं टपावर चढवलं नाही.

शेवटचं साल. शेटनं एकदाचं महेश्वर घातलं. बाईंनी नवे बूट घेतले आणि ते मला मुद्दाम येऊन दाखवले, शाळकरी पोरीसारखे. आणि निघायच्या दिवशी सांगलीत बघतो तर माझ्या शेजारच्या सीटवर गॉगल घातलेला एक तरणा पोरगा, हातात भोंगा. नवा गाईड. शेट स्वतः मिरजेपर्यंत गाडीत आला. तेव्हाच मला वास आला.

मिरजेला बाकीच्या बायका चढल्या. बाईंनी पायरीवर पाय ठेवला. शेट म्हणाला, "बाई, जरा थांबा. अवंदा गाडी फुल्ल हाय. म्हाईती ह्यो पोरगा सांगंल. तुमचं वय झालं, आराम करा आता."

"हे आज सांगताय?"

"गडबडीत ऱ्हाऊन गेलं."

बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. मग जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "शेट, मला काही सांगायचं नाही. मी तोंड उघडत नाही. मागं, सामानात बसते. मला तेवढं महेश्वर बघू द्या."

पोकरणच्या रस्त्यावर अख्ख्या गाडीला आपल्या मागनं चालवणारी बाई. ती म्हणाली, सामानात बसते.

"जागाच न्हाई तर," शेट म्हणाला. मी म्हणलं, "ह्या पोराला सामानात बसवा, माझ्या शेजारी जागा हुईल." शेट म्हणाला, "तू गाडी बघ." मी आत बघितलं. काकी खिडकीतनं बाहेर बघत होत्या, दुसऱ्या बाजूच्या. ज्यांना बाईंनी हाताला धरून हिंडवलं त्या सगळ्या दुसऱ्या बाजूला बघत होत्या. तिकडं नुसती भिंत होती.

मागनं भांड्यांचा आवाज आला. हिरा आपलं गाठोडं घेऊन उतरली. "बाई, माझी जागा घ्या."

शेट ओरडला, "ए हिरा, चढ वर! मानसं काय खात्याल?"

"म्हाईती खात्याल," हिरा म्हणाली. "त्यो पोरगा देनार हाय न्हवं? भोंग्यातनं वाढ म्हनावं."

बाई हसल्या. पण चढल्या नाहीत. "तुला रस्त्यावर सोडून मी राणीचा घाट बघू? नको हिरा."

"मग मी बी न्हाई जात." आणि माझ्याकडं वळून, "तुमी जावा. लोकांची पोरंबाळं हायत गाडीत, दुसऱ्याच्या हातात नगा देऊ."

महेश्वर मी बघितलं. नर्मदा, पायऱ्या, मोठाले बुरूज. पोरगा भोंग्यातनं ओरडत होता, पुण्यवान राणी, साध्वी राणी. काकी आणि सगळ्या बायका ओलेत्यानं तिच्या मूर्तीसमोर डोकं टेकत होत्या. माझा तोल गेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "काकी, हिच्या बी कपाळाला कुक्कू नव्हतं. हिला कुटं चढवली असती वो आपुन? मिरजेला?"

काकी रडायला लागल्या. रडू दे. मला त्या रडण्याची दया आली नाही, आजही येत नाही.

परत आल्यावर मी शेटची किल्ली त्याच्या टेबलावर टाकली आणि उसाच्या ट्रकवर लागलो. बाई वाईला भावाकडं गेल्या, आणि फार दिवस काढले नाहीत. हिरा दहाव्याला जाऊन आली. मी ट्रक घेऊन फडावर होतो. महेश्वर त्यांनी बघितलं नाही. हे कुणाला तरी कुठंतरी लिहिलेलं दिसावं एवढंच माझं म्हणणं.

त्या सकाळी मिरजेला मी गाडी काढली आणि वळणावर आरशात बघितलं. वाटलं, दोघी रडत असतील. तर त्या गाडीकडं बघतही नव्हत्या. कोपऱ्यावर सतारी करणाऱ्यांची घरं आहेत, त्यांच्या माळवदावर हे मोठे भोपळे ओळीनं वाळत घातलेले. बाई हात वर करून हिराला ते दाखवत होत्या. हिरा गाठोडं कडेवर घेऊन, तोंड उघडं टाकून वर बघत होती. पाशिंजर एकच, पण बाई नेहमीसारख्याच मोठ्यानं सांगत असणार. कारण स्टेशनवरचे दोन टांगेवालेही माना वर करून भोपळे बघत होते.